धूमकेतूची सोबत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या सरांनी १४ मार्च १९८६ च्या पहाटे आम्हा अकरा मुलांना आगाशिवच्या डोंगरावर नेलं होतं. मी तेव्हा नववीत होतो. दोन बॅटऱ्या, एक कंदील आणि सरांनी कुणाकडून तरी मागून आणलेली दुर्बीण, एवढंच सामान. अमावास्या होऊन चार दिवस झाले होते, त्यामुळे पहाटेच्या आकाशात चंद्र नव्हता. खालून उसाचं पाचट जाळल्याचा वास येत होता. सरांनी आग्नेयेला, क्षितिजाच्या जरा वर बोट दाखवलं. पुस्तकातल्या चित्रात असते तशी लखलखती शेपटी आम्ही शोधत होतो. दिसला तो पिंजलेल्या कापसाचा एक पुंजका. तोच हॅलेचा धूमकेतू.

आमचे चेहरे पडलेले सरांना अंधारातही कळले असावेत. त्यांनी विचारलं, "तो कशाचा आहे, सांगा बरं." कुणी म्हणालं वाफेचा, कुणी बर्फाचा, एक जण राखेचा म्हणाला. सर म्हणाले, "इथून कळायचं नाही. जवळ जावं लागेल. पेपरात आलंय, आजच एक यान त्याच्या शेजारून जाणार आहे."

पुढे मी त्या दिवसाच्या वेळा ताडून पाहिल्या. युरोपीय अंतराळ संस्थेचं जिओटो हे यान हॅलेच्या गाभ्यापासून ५९६ किलोमीटरवरून गेलं, ती वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेपाचची. आम्ही तेव्हा डोंगरावरच होतो.

सर २००३ साली गेले. त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यानंतर अकरा वर्षांनी मिळायला लागलं आणि आजही मिळतं आहे. ते उत्तर कसं मिळालं, हेच आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

धूमकेतूशी आपलं जुनं नातं भीतीचं आहे. माझी आजी त्याला शेंडेनक्षत्र म्हणायची आणि ते दिसलं की राजा जातो, असं सांगायची. वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त केतूंवर एक अख्खा अध्याय लिहिला. कुठला केतू कुठल्या दिशेला दिसला म्हणजे काय घडेल, याचा तो तपशीलवार विचार आहे. ही भीती केवळ आपल्याकडची नव्हती. १९१० साली हॅले आला, तेव्हा त्याच्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू असल्याचं समजलं होतं आणि पृथ्वी त्या शेपटीतून जाणार, असं गणित होतं. युरोप-अमेरिकेतल्या शहरांत लोक घाबरून गेले. प्रत्यक्षात कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही, कारण ती शेपटी आपल्या हवेच्या तुलनेत अतोनात विरळ असते.

आम्हाला या भीतीतून सरांनी बाहेर काढलं ते एका कथेने. डॉ. जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा त्यांनी वर्गात वाचून दाखवली होती. ज्याची भीती वाटते, त्याच्याकडे पाठ फिरवू नये. त्याचं गणित मांडावं आणि त्याच्याकडे नीट पाहावं, हे आम्ही त्या तासाला शिकलो.

नीट पाहणं म्हणजे काय, हा मात्र सोपा प्रश्न नाही. आपल्याकडे पंढरपूरला दर्शनाच्या दोन रांगा असतात. मुखदर्शनाची रांग भराभर सरकते. पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागतं. आणि या दोन्हींहून निराळी गोष्ट म्हणजे वारी. तिच्यात कितीतरी दिवस एकमेकांच्या पावलाला पाऊल जुळवून चालायचं असतं. जिओटोला घडलं ते मुखदर्शन. यान आणि धूमकेतू जवळजवळ समोरासमोर येत होते, सेकंदाला ६८ किलोमीटर या वेगाने. या वेगाने कराडहून निघालेला माणूस अडीच सेकंदांत पुण्याला पोहोचेल. सर्वांत जवळच्या क्षणाला १४ सेकंद उरले असताना धुळीचा एक कण यानावर आदळला आणि यान डगमगलं. पृथ्वीशी असलेला त्याचा संपर्क अर्धा तास धड राहिला नाही. तरीही त्या धावत्या भेटीत बरंच कळलं. धूमकेतूला खरोखरच घन गाभा असतो, हॅलेचा गाभा सुमारे १५ किलोमीटर लांब आहे आणि तो कोळशासारखा काळा आहे. फ्रेड व्हिपल या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने १९५० मध्ये, धूमकेतू म्हणजे धुळीने माखलेला बर्फाचा गोळा, असं मत मांडलं होतं. ते बरोबर दिशेचं ठरलं.

पण गाडीच्या खिडकीतून पाहिलेल्या गावाला आपण ओळखतो, असं म्हणता येत नाही. तो काळा गाभा उन्हात आल्यावर कसा बदलतो, त्याच्या कुठल्या भागातून वाफ निघते, आतून तो भरीव आहे की पोकळ, हे कळायला त्याच्या सोबत राहायला हवं होतं. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी हेच ठरवलं. १९९३ मध्ये मोहिमेला मंजुरी मिळाली आणि तिचं नाव ठेवलं रोझेटा. १७९९ मध्ये इजिप्तमध्ये सापडलेल्या रोझेटा शिलेवर एकच मजकूर तीन लिप्यांमध्ये कोरलेला होता आणि तिच्या आधाराने शांपोलियनने १८२२ मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडली. सूर्यमाला घडत असतानाचा मजकूर धूमकेतूंमध्ये गोठून राहिलेला आहे. तो वाचायचा, अशी ही इच्छा होती.

आधी ठरलेला धूमकेतू दुसराच होता, विर्टानेन नावाचा. जानेवारी २००३ मध्ये उड्डाण व्हायचं होतं. डिसेंबर २००२ मध्ये यानाच्या रॉकेटच्याच जातीचं एक रॉकेट उड्डाणात निकामी झालं, यानाचं उड्डाण थांबवावं लागलं आणि विर्टानेनला गाठण्याची वेळ निघून गेली. दहा वर्षं तयारी केलेल्या माणसांनी पुन्हा आकाशाचं पंचांग उघडलं आणि दुसरा धूमकेतू निवडला. त्याचं नाव ६७पी, चुर्युमोव-गेरासिमेंको.

त्याच्या शोधाची हकिगत प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. सप्टेंबर १९६९ मध्ये अल्मा-अताच्या वेधशाळेत स्वेतलाना गेरासिमेंको यांनी एका ओळखीच्या धूमकेतूसाठी आकाशाचे फोटो घेतले. क्लिम चुर्युमोव यांनी कीव्हमध्ये त्या फोटोंच्या काचा तपासल्या. एका काचेच्या कडेजवळ धुरकट ठिपका होता. तो शोधत असलेला धूमकेतूच आहे, असं धरून काम पुढे जाऊ शकलं असतं. पण जागा जुळत नव्हती. फरक होता सुमारे १.८ अंशांचा, म्हणजे साडेतीन पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवले तर जेवढे भरतील तेवढा. चुर्युमोव यांनी तो फरक सोडून दिला नाही, म्हणून एक नवा धूमकेतू जगाला मिळाला. हा साडेसहा वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. १९५९ मध्ये गुरूच्या ओढीने त्याची वाट बदलली आणि तो पूर्वीपेक्षा सूर्याच्या खूप जवळ येऊ लागला. म्हणजे कडक उन्हाची झळ त्याला नव्यानेच लागत होती. अभ्यासाला याहून चांगला सोबती कुठला?

२ मार्च २००४ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून रोझेटा निघालं. वजन सुमारे तीन टन, त्यातलं निम्म्याहून जास्त इंधन. धूमकेतूच्या वेगाला वेग जुळवायला एवढं इंधनही पुरणारं नव्हतं. म्हणून वाटेतल्या ग्रहांची मदत घ्यायची. जोंधळ्याच्या शेतात राखणदार गोफण फिरवून दगड सोडतो, तसं ग्रह आपल्या ओढीने यानाला फिरवतो आणि पुढे भिरकावतो. रोझेटाने २००५ मध्ये पृथ्वीकडून, २००७ मध्ये मंगळाकडून आणि पुन्हा पृथ्वीकडून, २००९ मध्ये तिसऱ्यांदा पृथ्वीकडून असा वेग घेतला. एकूण प्रवास सुमारे ६४० कोटी किलोमीटरचा झाला.

वाटेचा शेवटचा टप्पा सूर्यापासून इतका दूर होता की तिथे आपल्याकडच्या उन्हाच्या चार टक्केही ऊन पोहोचत नाही. यानावर अणुऊर्जेची बॅटरी नव्हती, फक्त सौर पंख होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३२ मीटर. तेही अपुरे पडणार होते, म्हणून जून २०११ मध्ये यानाला झोपवण्यात आलं. घड्याळ आणि गारठू नये एवढी ऊब सोडली, तर जवळपास सगळं बंद. ९५७ दिवस त्याच्याकडून एकही शब्द आला नाही. २० जानेवारी २०१४ ला त्याने स्वतःच्या गजराने उठायचं होतं. जर्मनीतल्या डार्मस्टाट इथल्या नियंत्रण कक्षात सगळे पडद्याकडे डोळे लावून बसले. निरोप येण्यासाठी तासाभराची वेळ धरलेली होती. त्यातली ४८ मिनिटं तशीच गेली आणि मग पडद्यावर एक बारीक रेघ उभी राहिली. यान जागं झालं होतं. ज्यांनी रात्रीच्या रात्री कुणाच्या उशाशी बसून काढल्या आहेत, त्यांना त्या रेघेची किंमत मी सांगायला नको.

मग आली पाऊल जुळवण्याची वेळ. मे २०१४ मध्ये यान आणि धूमकेतू यांच्या वेगातला फरक सेकंदाला ७७५ मीटर होता. दहा वेळा इंजिन चालवून तो सेकंदाला एक मीटरवर आणला, म्हणजे आपण सावकाश चालतो तेवढा. ६ ऑगस्ट २०१४ ला रोझेटा धूमकेतूपासून १०० किलोमीटरवर पोहोचलं. दोघेही सूर्याभोवती ताशी ५५ हजार किलोमीटरने धावत होते, पण एकमेकांसाठी जवळजवळ स्थिर होते. वारीत शेजारी चालणाऱ्याचा चेहरा हलत नाही, तसे.

आणि तो चेहरा कुणीच कल्पिला नव्हता असा निघाला. एक मोठा गोळा, सुमारे चार किलोमीटरचा. एक लहान, अडीच किलोमीटरचा. मध्ये बारीक मान. पुढे दोन्ही गोळ्यांमधले थर तपासले, तेव्हा प्रत्येकाचे थर वेगळे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे आपापल्या मध्याभोवती गुंडाळलेले दिसले. याचा अर्थ, फार पूर्वी हे दोन स्वतंत्र धूमकेतू होते आणि ते इतक्या हळुवारपणे एकमेकांना भेटले की दोघेही न फुटता जोडले गेले. आपल्या कराडात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, त्या जागेला आपण प्रीतिसंगम म्हणतो. त्या फोटोकडे पाहताना मला तोच शब्द आठवला.

१२ नोव्हेंबर २०१४ ला पदस्पर्शाचा दिवस उजाडला. फिले नावाचं शंभर किलोचं लँडर रोझेटापासून सुटलं आणि २२ किलोमीटरचं अंतर सात तासांत उतरत गेलं. मी तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांबरोबर संगणकासमोर बसलो होतो. धूमकेतूहून निघालेला निरोप पृथ्वीवर पोहोचायला २८ मिनिटं लागत होती. आपल्या रात्रीच्या साडेनऊच्या सुमारास तो आला: फिले टेकलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण ते थांबलेलं नव्हतं.

पृथ्वीवर शंभर किलो भरणाऱ्या वस्तूचं वजन त्या धूमकेतूवर आपल्याकडच्या एका ग्रॅमइतकं. टेकताक्षणी जमिनीत रुतायचे दोन भाले सुटले नाहीत आणि वरून दाबून धरणारा वायूचा झोतही चालला नाही. फिले चेंडूसारखं उसळलं, किलोमीटरभर वर गेलं, जवळजवळ दोन तास तरंगत राहिलं आणि अखेर एका कड्याच्या सावलीत कलंडलं. जिथे सहा-सात तास ऊन मिळायचं होतं, तिथे दीड तासच मिळू लागलं. मूळ बॅटरीवर ते सुमारे ५७ तास टिकलं. त्या तासांत त्याने ठरलेल्या कामांपैकी बहुतेक कामं उरकली, माहिती पाठवली आणि ते गप्प झालं. जून २०१५ मध्ये थोडं ऊन वाढल्यावर त्याचे काही निरोप आले, जुलैत तेही थांबले. ते नेमकं कुठे आहे, हे पुढचं सव्वा वर्ष कुणाला दिसलं नाही. रोझेटाची मोहीम संपायला महिना उरला असताना, २ सप्टेंबर २०१६ च्या एका फोटोत कपारीत अडकलेलं, एक पाय वर केलेलं फिले सापडलं.

त्याच्या फसलेल्या उतरण्यातूनही ज्ञान मिळालं. दुसऱ्यांदा जिथे ते आपटलं, तिथे एका खडकाला खरचटून आतला बर्फ उघडा पडला होता. ती जागा शास्त्रज्ञांनी शोधून काढली आणि निष्कर्ष प्रसिद्ध केला तो २०२० मध्ये, सहा वर्षांनी. त्या खडकाच्या आतली बर्फ-धूळ ताकावरच्या फेसाहून मऊ होती. अब्जावधी वर्षांपूर्वीचा पदार्थ, आणि फेसाहून मऊ. एकूण धूमकेतूची घनताही पाण्याच्या निम्मीच आहे. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पोकळी आहे. सर, राखेचा म्हणणारा आपला विद्यार्थी फारसा चुकला नव्हता.

सहवासाचं खरं फळ मात्र यानंतर मिळालं. जून २०१४ मध्ये सूर्यापासून दूर असताना धूमकेतूतून दर सेकंदाला दोन पेले भरतील एवढं पाणी वाफ होऊन जात होतं. ऑगस्टअखेर ते चौपट झालं. पुढच्या वर्षी १३ ऑगस्टला तो सूर्याच्या सर्वांत जवळ आला, तेव्हा त्याच्या अंगातून झोत उसळत होते, कडे ढासळत होते. मार्च २०१५ मध्ये भोवतीची धूळ इतकी वाढली की यानाचे तारे ओळखणारे कॅमेरे चमकणाऱ्या कणांनाच तारे समजू लागले. यानाला मागे सरावं लागलं. पण ते निघून गेलं नाही. धूमकेतू शांत झाल्यावर ते पुन्हा जवळ आलं. दोन वर्षं रोज जवळ असल्यामुळे एका धूमकेतूचा उन्हाळा माणसाने पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला.

आता सरांचा प्रश्न. तो कशाचा आहे?

यानावरच्या उपकरणांनी त्याचा अक्षरशः वास घेतला. कुजक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड, गोठ्यात येतो तसा अमोनिया, फॉर्माल्डिहाइड, कडू बदामाच्या वासाचा हायड्रोजन सायनाइड. १९१० मध्ये जग ज्याच्या घराण्यातल्या वायूला घाबरलं, तो हाच. पण त्याच ढगात ग्लायसिनही सापडलं, आपल्या शरीरातल्या प्रथिनांमधलं सर्वांत साधं अमिनो आम्ल. फॉस्फरसही सापडला, जो आपल्या पेशींना लागतोच. आणि कुणाच्याही अपेक्षेत नसलेला मोकळा ऑक्सिजनही सापडला, पाण्याच्या प्रमाणात सुमारे चार टक्के. सूर्यमाला जन्मण्याआधीच तो बर्फात अडकून राहिला असावा, असा तर्क आहे.

पृथ्वीवरचं पाणी धूमकेतूंनी आणलं का, हाही मोठा प्रश्न होता. पाण्यातल्या हायड्रोजनचे काही अणू जड असतात. आपल्या समुद्रात दहा हजारांमागे सुमारे दीड. रोझेटाने २०१४ मध्ये मोजलं, तर या धूमकेतूत ते पाचांहून जास्त निघाले, म्हणजे तिपटीपेक्षा अधिक. आपलं पाणी अशा धूमकेतूंचं नाही, असं तेव्हा लिहिलं गेलं. मोहीम संपल्यावर आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, तीच जुनी मापं पुन्हा तपासली गेली. धुळीच्या कणांवर जड पाणी अधिक साठतं आणि धुळीजवळ घेतलेलं माप फुगतं, असं दिसलं. धुळीपासून दूरची मापं घेतली, तर आकडा आपल्या समुद्राच्या बराच जवळ येतो. हा वाद अजून मिटलेला नाही. पण एका दिवसाच्या भेटीत एकच माप मिळालं असतं आणि ते दुरुस्त करायला दुसरं नसतं. दोन वर्षांची मापं हाती होती, म्हणून चूक शोधता आली. मुलांनो, तुमच्यापैकी जे प्रयोगशाळेत जाल, त्यांनी हे गाठीला बांधून ठेवा.

मोहिमेचा शेवट ३० सप्टेंबर २०१६ ला झाला. धूमकेतू पुन्हा दूर जात होता, ऊन कमी होत होतं. शास्त्रज्ञांनी रोझेटाला पुन्हा झोपवलं नाही. त्यांनी त्याला धूमकेतूवरच उतरवलं, माणसाच्या चालीने, शेवटच्या क्षणापर्यंत फोटो घेत. आपल्या घड्याळात पावणेपाच वाजून गेले होते, तेव्हा पडद्यावरची ती रेघ विझली. ज्या चुर्युमोव यांनी काचेच्या कडेचा ठिपका सोडून दिला नव्हता, त्यांनी आपला धूमकेतू जवळून पाहिला. ते दोनच आठवड्यांनी गेले. मंजुरीपासून शेवटापर्यंत तेवीस वर्षं. ज्यांनी पहिली रेखाटनं काढली, त्यातले अनेक जण यान पोहोचण्याआधी निवृत्त झाले होते. आंबा लावणारा त्याची फळं खाईलच असं नाही. तरी आपल्या गावातली आमराई कुणीतरी लावलेली आहे.

एक शेवटची गोष्ट सांगतो. झेनॉन नावाचा एक वायू आपल्या हवेत अगदी अल्प असतो. तो कशाशी सहसा संयोग करत नाही, म्हणून आला तसाच राहतो. रोझेटाने धूमकेतूतला झेनॉन मोजला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आला: पृथ्वीच्या हवेतल्या झेनॉनचा सुमारे २२ टक्के भाग धूमकेतूंनी आणलेला आहे.

सर, त्या पहाटे आम्ही चढून दमलो होतो. वर पोहोचल्यावर उभं राहून आधी श्वास घेतला आणि मग तुम्ही बोट दाखवलंत तिकडे पाहिलं. तुम्ही विचारलंत तो कशाचा आहे, तेव्हा त्याच्यासारख्याच कुठल्यातरी धूमकेतूचे कण त्या श्वासातून आमच्या छातीत गेलेले होते. ते कळायला एकतीस वर्षं लागली. उत्तर द्यायला उशीर झाला. पण तुमच्या विद्यार्थ्यांनी प्रश्न सोडलेला नाही.